सहाण की ट्यूब

पावसाळ्यात अनेकांच्या पाठीवर, मानेवर, दंडांवर शिबं उठतात. फिकट, भुरकट, नखानं खरवडलं तर बारीक कोंडा सुटणारे डाग. ही करामत मॅलसेझिया नावाच्या यीस्टची. ती आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर मुक्कामाला असते आणि कातडीच्या तेलावर जगते. १९७०च्या दशकात इटलीतल्या संशोधक मार्चेल्ला नाझारो-पोर्रो आणि त्यांचे सहकारी शिब्यांची जागा पांढुरकी का पडते याचा माग काढत होते. त्या शोधात त्यांच्या हाती अ‍ॅझेलेइक आम्ल लागलं. यीस्ट ते तेलातल्या स्निग्धाम्लांपासून बनवते, आणि त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते प्रयोगशाळेत अडवताना दिसलं. मग कुणाच्याही मनात येईल तसं त्यांच्या मनात आलं, हे काळ्या डागांवर लावून पाहू. डागांवर लावता लावता लक्षात आलं की ज्यांना मुरूम होते त्यांचे मुरूमही कमी होत आहेत.

आज हे आम्ल १५ ते २० टक्क्यांच्या क्रीमच्या किंवा जेलच्या रूपात औषधाच्या दुकानात मिळतं. गर्भवतींना मुरुमांसाठी जी मोजकी औषधं चालतात, त्यांत त्याचं नाव असतं. गहू, जव, राय या धान्यांतही ते सापडतं. पण ट्यूबमधलं आम्ल शेतातून येत नाही. ओलेइक आम्ल ओझोननं फोडून ते कारखान्यात तयार केलं जातं. आता या औषधाला नैसर्गिक म्हणायचं की केमिकल? गव्हातलं, बुरशीनं बनवलेलं आणि कारखान्यातलं, तिन्हीकडे रेणू एकच, आणि तो कुठून आला हे त्वचेला कळायचा काही मार्ग नाही.

तरी आपल्या घरांत भांडण याच रेषेवर चालतं. एका बाजूला सहाण, जायफळ, हळद, डाळीचं पीठ, ‘चेहऱ्याला केमिकल लावू नकोस गं’. दुसऱ्या बाजूला सॅलिसिलिक, रेटिनॉल आणि नायसिनामाइड ही नावं पाढ्यासारखी म्हणणारी कॉलेजातली मुलगी, जिला आजीचं सगळंच खुळचट वाटतं. माझ्या मते दोघींनीही रेष चुकीच्या जागी ओढली आहे. मुरूम येणाऱ्या त्वचेला काय लावायचं ते ठरवताना पदार्थाचं गोत्र विचारून काही साधत नाही. तो किती लावला जातोय हे माहीत आहे का, माणसांच्या चेहऱ्यावर तो नीट तपासून पाहिला आहे का, आणि तो कातडीला चिडवतो का, हे विचारावं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीसाठी यांतला शेवटचा प्रश्न सगळ्यांत वजनदार आहे. तो का, ते पुढे येईलच.

त्याआधी मुरूम होतो कसा ते पाहू. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत केसाच्या प्रत्येक मुळाशी एक तैलग्रंथी असते. चेहऱ्यावर तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्या शेकड्यांनी असतात. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलांत तसे मुलींतही, आणि या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत. त्या एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. बूच उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. त्याचा काळा रंग मळाचा नसतो, त्वचेतल्या मेलॅनिनचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा असतो. त्यामुळे तो घासून जात नाही. बूच बंद राहिलं की आत तेल साचतं, आणि तिथं आधीपासून राहणाऱ्या एका जिवाणूचं फावतं. वैद्यकाची पुस्तकं त्याला बरीच वर्षं प्रॉपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणत होती. २०१६ मध्ये त्याचं नामकरण क्युटिबॅक्टेरियम असं झालं. त्याला प्राणवायू मानवत नाही, म्हणून तुंबलेली नळी त्याच्या सोयीची. शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि लालसर, ठसठसणारी पुटकुळी वर येते. हा सगळा प्रवास काही आठवड्यांचा असतो. आज आरशात दिसणारा मुरूम साधारण दोन महिन्यांपूर्वी आत सुरू झालेला असू शकतो. ‘काल लावलं आणि आज गेला’ या दाव्यात किती दम आहे ते यावरूनच समजतं.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत मुखदूषिका येते. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पुळ्या, असं तिचं वर्णन आहे. सावरीचं खोड ज्यानं जवळून पाहिलंय त्याला हे वर्णन किती नेमकं आहे ते कळेल. बुडाशी रुंद, टोकाला निमुळता, खोडाला घट्ट धरून बसलेला काटा. उपाय म्हणून तिथं वमन सांगितलंय आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप. म्हणजे ग्रंथातला उपायही घरच्या घरी कुणीही करावा असा नव्हता. उलटी करवणं वैद्याच्या देखरेखीचं काम, आणि मोहरी किती झोंबते ते सांगायला नको. ‘आयुर्वेदिक’ म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण अलीकडचं, जाहिरातींनी रुजवलेलं आहे.

आता स्वयंपाकघरात जाऊ. हळदीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण तिच्याभोवती अभिमानही गुंतलेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हा विजय मोठाच. पण त्यातून सिद्ध काय झालं? हळदीचा हा वापर नवा नाही, आपल्याकडे आधीपासून ठाऊक आहे, एवढं. तोही जखमांसाठी. मुरुमांसाठी हळदीवर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. हळदीतलं करक्युमिन दाह कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसतं, पण ते त्वचेत सहजी शिरत नाही. शिवाय कुठल्या हळदीत ते किती आहे याला मोजमाप नाही. साधारण दोन ते पाच टक्के धरलं जातं. वर्ध्याच्या वायगावच्या हळदीचं नाव तिच्यातल्या जास्त करक्युमिनसाठीच आहे. आपल्या डब्यातली कुठली, ते आपल्यालाही माहीत नसतं. सुट्या हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात सापडले आहेत, ही वेगळीच काळजी. तेव्हा हळद लावल्यानं सहसा बिघडत काही नाही, फार घडतही नाही. उटण्यात असू द्यावी. उपचार म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मुलतानी माती वरचं तेल चांगलं शोषते. लेप वाळून ताणला गेला की चेहरा स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं, आणि ते समाधान खोटंही नाही. पण तुंबलेल्या मोरीची नळी आत चोंदलेली असताना वरून फरशी कितीही पुसली तरी पाणी जाणार नाही, तसंच हे. ग्रंथीला वरचं तेल पुसल्याचा पत्ताच नसतो. ती हार्मोन्सच्या हुकमावर चालते. डाळीचं पीठ, मसुराची भरड यांचंही तेच. वर आणखी खसाखसा घासणं आलंच.

जायफळ मात्र थोडं जवळून बघण्यासारखं आहे. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे, जायफळ गोल गोल फिरवायचं. आधी पांढरट, मग करडा-तपकिरी गंध सुटतो, आणि त्याचा वास उग्र, कापरासारखा नाकात चढतो. तो वास म्हणजे त्यातली बाष्पशील तेलं. त्यांच्यात जिवाणूंना मारायची ताकद आहे, तशीच कातडीला झोंबायचीही. आजीनं दोन वळसे उगाळले की दहा, दूध किती, जायफळ ताजं की वर्षभर डब्यात पडलेलं, यावर लेपाची तीव्रता ठरते. एका मुलीला बरं वाटतं, दुसरीचा गाल चुरचुरतो, आणि दोघींना ‘एकच’ उपाय दिलेला असतो. झाडपाल्याच्या उपायांवर माझा आक्षेप असलाच तर इथं आहे. त्यांत काही नसतं असं नाही. पुष्कळदा असतं. किती असतं ते कुणाला सांगता येत नाही.

लिंबाच्या बाबतीत मात्र मला मध्यममार्ग मान्य नाही. लिंबाचा रस चेहऱ्याला लावूच नये. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या. या मापात एक पायरी म्हणजे दहापट, म्हणजे रस त्वचेपेक्षा हजारपट आम्लधर्मी. वर लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि पुढे काळे डाग राहतात. बेकिंग सोडा उलट्या टोकाचा, सामू आठच्या वर. टूथपेस्टही त्याच यादीत. मुरूम वाळतो खरा, पण सोबत कातडीही वाळते.

इथंच तो सावळ्या-गव्हाळ कातडीचा मुद्दा येतो. गोऱ्या माणसाचा मुरूम बसला की गुलाबी खूण राहते. आपल्या त्वचेत मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी जास्त कामसू आहेत. दाह झाला, मग तो मुरुमाचा असो, लिंबाचा असो की एखाद्या महागड्या सीरमचा, त्या पेशी रंग ओततात. मुरूम आठवड्यात बसतो, डाग मात्र महिनोन्‌महिने राहतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या कित्येकांची मूळ तक्रार मुरुमांची नसतेच, ‘डागांसाठी काहीतरी द्या’ अशी असते. म्हणून चुरचुरणं म्हणजे औषध काम करतंय, ही समजूत आपल्याकडे फार महाग पडते. उन्हात जाताना सनस्क्रीन हवं ते याचसाठी. ऊन त्या पेशींना आणखी चेव आणतं.

झाडाकडून आलेलं पण शिस्तीत वाढलेलं असं काही नाहीच का? आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या मेलाल्युका झाडाचं टी ट्री तेल. १९९० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या १२४ जणांवर त्याची तुलना केली. काहींना ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल, काहींना ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. यातला महत्त्वाचा शब्द ‘५ टक्के’. दुकानातल्या छोट्या बाटलीत मिळतं ते बहुधा शुद्ध तेल असतं, म्हणजे तपासलेल्या मात्रेच्या वीसपट. ते थेट मुरुमावर टेकवलं की कातडी लालबुंद होते. बाटली जुनी झाली, हवा लागली की त्यात बदल होऊन अ‍ॅलर्जीची शक्यताही वाढते. मधाची कथा याच्या उलट. न्यूझीलंडमध्ये कानुका झाडाच्या मधावर रीतसर चाचणी झाली. जंतुनाशक साबणासोबत मध लावणाऱ्यांना नुसता साबण वापरणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. दोन्ही नैसर्गिक, दोन्ही तपासलेले. एक उतरला, एक नाही.

आणखी एक झाड आपल्या ओळखीचं आहे. काश्मिरी विलोची बॅट घेऊन गल्लीत खेळलेल्यांना विलो माहीत असतो. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारं वाळुंज त्याच कुळातलं. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकानं विलोच्या सालीनं ताप उतरतो असं रॉयल सोसायटीला कळवलं. त्या सालीतल्या सॅलिसिनपासून पुढे सॅलिसिलिक आम्लापर्यंत रसायनशास्त्र पोचलं, आणि १८७४ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ ते कारखान्यात बनू लागलं. आज फेसवॉशवर आणि टोनरवर अर्धा ते दोन टक्के लिहिलेलं दिसतं ते हेच. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलानं भरलेल्या नळीत उतरून पेशींचं बूच सैल करतं. गंमत अशी की ‘नैसर्गिक विलो साल’ असं लिहिलेली सौंदर्यप्रसाधनं आता जास्त भावानं विकली जातात. सालीतल्या सॅलिसिनचं सॅलिसिलिक आम्ल होतं ते प्रामुख्यानं पोटात गेल्यावर, आतड्यात आणि यकृतात. गालावर चोळलेल्या सालीच्या अर्काकडून तेवढ्या कामाची अपेक्षा धरता येत नाही. इथं कारखान्यातला माल मूळ झाडापेक्षा सरस ठरतो, आणि स्वस्तही.

आता ट्यूबांकडे. बेंझॉइल पेरॉक्साइड हे नाव ऐकूनच आजी घाबरेल, आणि मैदा पांढरा करायला ते वापरलं जातं हे कळलं तर जास्तच. ते नळीत प्राणवायू सोडतं आणि प्राणवायू न मानवणारा जिवाणू मरतो. हल्ला इतका सरळ असतो की या जिवाणूला त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावता आल्याचं दिसलेलं नाही. २.५, ५ आणि १० अशा टक्क्यांत ते मिळतं. माणसाचा स्वभाव असा, की दहाचं उचलतो. १९८०च्या दशकातच तुलना करून दिसलं होतं की पुटकुळ्या कमी करण्यात अडीच टक्क्यांचं दहाइतकंच काम करतं, आणि कातडी मात्र कमी सोलवटते. तेव्हा अडीचचं घ्यावं. आणि जुना टॉवेल वापरावा, कारण त्याला जिथं हे लागेल तिथला रंग उडतो. उशीचे अभ्रे आणि ओढण्याही सुटत नाहीत. उष्णतेत त्यातून थोडं बेंझिन तयार होतं हे २०२४ मध्ये गाजलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत काही उत्पादनं परत मागवली गेली, बहुसंख्य मात्र तपासणीत ठीक निघाली. ट्यूब उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि मुदत उलटलेली वापरू नये, एवढी खबरदारी त्यातून घ्यायची.

रेटिनॉइड ही दुसरी मोठी फळी. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ट्रेटिनॉइन हे त्या जीवनसत्त्वाचंच आम्ल. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी ते मुरुमांवर चालतं हे दाखवलं. या क्लिगमन यांचं नाव काढताना होम्सबर्ग तुरुंगाचंही नाव काढायला हवं. तिथल्या कैद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले, आणि वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात ते आज काय करू नये याचा धडा म्हणून शिकवले जातात. औषध मात्र टिकलं. रेटिनॉइड बूच बनण्याच्या मुळाशीच जातं, म्हणून नुसत्या पुटकुळीवर ठिपका ठेवून उपयोग नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे सोडून, सुरुवातीला एक रात्र आड, वर साधं मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात, आणि बहुतेक ट्यूबा याच काळात कचऱ्यात जातात. परिणाम बघायचा तो बाराव्या आठवड्याच्या सुमाराला. अ‍ॅडापलीन हा या घराण्यातला सौम्य भाऊ. ०.१ टक्क्याचं जेल अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, आणि गर्भारपणात किंवा मूल होऊ देण्याच्या बेतात असताना या घराण्यातलं काहीही लावू नये.

नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, हे निवांत प्रकृतीचं. १९९५ मध्ये त्याच्या ४ टक्के जेलची तुलना १ टक्का क्लिंडामायसिनशी झाली तेव्हा निकाल जवळपास सारखे आले. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक, आणि ते एकटंच महिनोन्‌महिने लावलं की जिवाणू निर्ढावतो. म्हणून त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. मेडिकलवाल्यानं मनानं दिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घेणं याच कारणासाठी वाईट.

हे सगळं लिहूनही मला आपल्याकडच्या मुलींची खरी भीती वाटते ती हळदीमुळे नाही की रेटिनॉइडमुळेही नाही. भीती आहे ती तिसऱ्याच डबीची. क्लिगमन यांनीच १९७५ मध्ये वांगासाठी, म्हणजे मेलाझ्मासाठी, एक मिश्रण सुचवलं होतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉईड. डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजक्या काळासाठी. भारतात त्यात मोमेटासोनसारखा जोरकस स्टेरॉईड घालून ते दुकानादुकानांत पोचलं आणि ‘गोरं करणारं क्रीम’ झालं. मुरुमांसाठी, वांगासाठी, लग्नाआधी, कशालाही. स्टेरॉईडनं सूज आणि लाली चार दिवसांत उतरते, रक्तवाहिन्या आकुंचन पावून चेहरा उजळ दिसतो, आणि मैत्रिणी विचारतात, ‘काय लावतेस गं?’ काही आठवड्यांनी एकाच आकाराच्या बारीक पुळ्यांचं पीक येतं, कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा वापरातले चौदा स्टेरॉईड शेड्यूल एचमध्ये टाकले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद.

आणि काही डब्यांवर ‘हर्बल’ लिहिलेलं असतं. २०२३ च्या सुमाराला केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढले. त्यांच्यातला समान दुवा होता त्वचा उजळवणारी क्रीम्स, आणि त्या क्रीम्समध्ये पारा होता. त्याच सुमाराला अकोल्यातल्या एका कुटुंबात एकापाठोपाठ एक मूत्रपिंडं आजारी पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर ब्यूटीशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याची जी अगदी नाममात्र मर्यादा सहन केली जाते ती दहा लाख भागांत एक भाग. त्या क्रीममध्ये तो त्याच्या कित्येक पटींनी होता. पारा तर खनिज, पूर्ण नैसर्गिक.

म्हणून डबी उलटी करून वाचायची सवय हवी. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापावे लागतात. समोर कोरफडीचं हिरवंगार पान आणि मागच्या यादीत कोरफड शेवटून दुसरी, असं दिसलं तर काय ते समजायचं. यादीच नसेल तर ती वस्तू चेहऱ्याजवळ नेऊ नये.

खाण्याबद्दल थोडक्यात. ‘अंगात उष्णता वाढलीय’ म्हणून सब्जा आणि गुलकंद खायला घालतात, त्यानं नुकसान नाही. तेलकट खाण्याला जेवढा दोष मिळतो तेवढा पुरावा मात्र नाही. साखर, मैदा असे रक्तातली साखर झटकन चढवणारे पदार्थ आणि काही जणांत दूध यांच्याकडे जास्त बोट दाखवता येतं. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर कंद, फळं, मासे, नारळ खाणाऱ्या १,२०० लोकांना तपासलं तेव्हा एकाच्याही चेहऱ्यावर मुरूम सापडला नाही, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती हे वेगळं करता येत नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठ भरून मुरूम आलेल्या मुलांनी आधी तो डबा महिनाभर बंद करून पाहावा. आणि ज्यांच्या कपाळावरच, केसांच्या कडेला बारीक पुळ्या असतात, त्यांनी खोबरेल तेल चापून लावून झोपणं सोडावं. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर.

राहता राहिला घरातला नेहमीचा धीर, ‘लग्न झालं की जातील आपोआप’. वय वाढलं की पुष्कळांचे जातात हे खरं, तिशी-चाळिशीपर्यंत पुरणारेही कमी नाहीत, विशेषतः बायकांत. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला खोल मुरूम, पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, अशी लक्षणं जोडीनं दिसली तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. तिथं सहाण आणि ट्यूब दोन्ही अपुरी पडतात, उपचार हार्मोन्सच्या बाजूनं करावा लागतो. बोटानं दाबून दुखणाऱ्या गाठी होत असतील, बऱ्या होताना खड्डे पडत असतील, तरीही थांबू नये. अशांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. १९८२ पासून वापरात असलेलं हेही अ जीवनसत्त्वाच्याच नात्यातलं औषध तैलग्रंथी आक्रसवतं आणि हट्टी मुरूम बरे करतं. पण गर्भात गंभीर व्यंग आणू शकतं, म्हणून रक्ततपासणी आणि गर्भनिरोधाशिवाय ते देत नाहीत. गोळ्या संपल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. पडलेले खड्डे मात्र कुठल्याच लेपानं भरत नाहीत, त्यांना सुईचे किंवा लेझरचे उपचार लागतात आणि खर्चही येतो.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, केसपेपर काढला की तपासतात. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेलं सगळं पिशवीत घालून न्यावं, ट्यूबा, पुड्या, फेसपॅक, आणि भिशीतल्या मैत्रिणीनं दिलेली ती बिननावाची डबीसुद्धा.